भोसल्यांची फौज कटकला का थांबली?

वर्धा रोडने खापरीकडे निघाले की उजव्या हाताला विमानतळ आणि त्याला लागून मिहानची हद्द लागते. आमच्या उर्दू शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या घरची रोजीरोटी आता त्या हद्दीत आहे. कुणाचे अब्बा कामगारांची बस चालवतात, कुणी गेटवर पहाऱ्याला असतात, एखाद्याचा मोठा भाऊ आयटीआय करून विमान-दुरुस्तीच्या कामाला लागला आहे. फ्रान्सच्या दासो कंपनीच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणी २०१७ मध्ये इथेच झाली आणि विमानांचे भाग इथे तयार होऊ लागले. वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, अंबाझरीला दारूगोळ्याचा जुना कारखाना आहे. त्यामुळे इतिहासाच्या तासाला लढाई आली की आमची मुले पहिला प्रश्न विचारतात तो हत्यारांचा. तोफा किती होत्या, घोडे किती होते, कुणाचा मारा लांबवर जायचा?

एकदा मी पहिले इंग्रज-मराठा युद्ध शिकवत होतो. फळ्यावर चार नावे लिहिली: पुण्याचे नाना फडणवीस, म्हैसूरचे हैदर अली, हैदराबादचे निजाम अली खान आणि नागपूरचे मुधोजी भोसले. १७८० मध्ये हे चौघे इंग्रजांविरुद्ध एक झाले, असे म्हटले आणि खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, दो हिंदू, दो मुसलमान? फिर तो बीच में से टूट गया होगा!"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. तेरा वर्षांच्या मुलाने हा हिशेब शाळेत शिकलेला नव्हता. तो त्याच्या कानावर गल्लीत, टीव्हीवर आणि निवडणुकीच्या भाषणांत पडलेला होता. मी त्याला रागावलो नाही. म्हटले, "बेटा, तुटला हे बरोबर. पण मधून नाही तुटला. पहिला टाका उसवला तो आपल्याच नागपुरात." त्या एका वाक्याचा उलगडा करायला मला पुढचे तीन तास लागले. तोच उलगडा इथे मांडतो आहे.

नानांनी हेरलेली फट

ही कथा साधारणपणे इंग्रजांच्या धूर्तपणापासून सांगितली जाते. ती नानांच्या हुशारीपासून सुरू करायला हवी, कारण शत्रूच्या गोटातील फट आधी नानांनी ओळखली होती.

इंग्रज त्या वेळी एक राज्य नव्हते. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही कंपनीची तीन वेगळी घरे होती आणि त्यांचे आपसात पटत नव्हते. १७७३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला वरचा हात दिला होता, पण तो कागदावर. १७७५ मध्ये मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारता राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो मोडीत काढून १७७६ मध्ये पुण्याशी पुरंदरचा तह केला. मुंबईकरांनी तोही मनापासून पाळला नाही. मद्रासमध्ये तर १७७६ साली कौन्सिलच्या लोकांनी आपल्याच गव्हर्नराला, लॉर्ड पिगटला, कैद केले आणि पुढच्या वर्षी तो कैदेतच वारला. खुद्द कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांचे वैर इतके विकोपाला गेले की ऑगस्ट १७८० मध्ये दोघांनी एकमेकांवर पिस्तुले झाडली आणि फ्रान्सिस जखमी झाला.

जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या फौजेला शरणागतीचा तह करावा लागला, तेव्हा या तीन घरांची अवस्था साऱ्या हिंदुस्थानाने पाहिली. मग पुणे आणि हैदराबाद यांच्या दरबारांत एक योजना शिजली. तिन्ही घरांना एकाच वेळी आग लावायची, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या मदतीला जाता येणार नाही. हैदरने कर्नाटकात उतरून मद्रास गाठायचे. निजामाने समुद्रकाठच्या उत्तर सरकार प्रांतावर चाल करायची. पुणेकर आणि शिंदे यांनी गुजरातेत आणि मुंबईच्या बाजूला इंग्रजांना अडकवायचे. आणि नागपूरच्या भोसल्यांनी कटकमार्गे बंगालमध्ये शिरायचे.

या मसलतीसाठी नानांनी मोठा घासही सोडला होता. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला जो मुलूख हैदरने मराठ्यांकडून बळकावला होता, तो त्याच्याकडे राहू द्यायला ते राजी झाले. ज्या हैदरशी पेशव्यांनी पंधरा वर्षे लढाया केल्या, त्याच्याशी हा करार झाला. हैदर मुसलमान आहे म्हणून नाना अडले नाहीत आणि नाना ब्राह्मण आहेत म्हणून हैदरही अडला नाही.

कागदावर ही योजना निर्दोष होती. जुलै १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूर इथे कर्नल बेलीची सारी तुकडी त्याने संपवली. बक्सारचा विजेता म्हणवणारा हेक्टर मन्रो आपल्या तोफा कांचीपुरमच्या तलावात ढकलून मद्रासकडे पळाला. हिंदुस्थानात इंग्रजांवर असा प्रसंग तोवर आला नव्हता. त्या आठवड्यांत भोसल्यांचे घोडे बंगालमध्ये शिरले असते तर?

ते शिरले नाहीत. मुधोजींचे दुसरे चिरंजीव चिमणाजी तीस हजारांची फौज घेऊन १७७९ च्या ऑक्टोबरात नागपूरहून निघाले होते. कटकला पोहोचायला त्यांना १७८० चा मे उजाडला. रस्त्यात सात महिने गेले. कटकलाही ते थांबले, मग ओरिसातल्या ढेंकानाळच्या राजाशी भांडत बसले. बंगालची सीमा त्यांनी ओलांडली नाही.

नागपूरची वही

हेस्टिंग्जची बाजू बचावाची होती. चारी बाजूंना पुरेल इतकी फौज आणि पैसा त्याच्याकडे नव्हता. म्हणून त्याने शत्रूची फौज मोजण्यात वेळ घालवला नाही. या चौघांपैकी प्रत्येकाला इथे कशाने आणले आहे आणि घरी त्याला कुणाची भीती आहे, हे तो शोधत बसला. चौघांच्या चार वह्या त्याने उघडल्या, असे मी मुलांना सांगितले.

नागपूरच्या वहीत पहिली नोंद येण्याची होती. रघूजी भोसल्यांनी दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ मध्ये नबाब अलीवर्दी खानाकडून कटकचा ताबा आणि वर्षाला बारा लाख चौथाई कबूल करून घेतली होती. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी इंग्रजांकडे गेली आणि ही चौथाई थकली. भोसल्यांना बंगाल जिंकायचा नव्हता. त्यांना थकबाकी हवी होती. थकबाकी मागायला आलेल्या माणसाशी लढावे लागत नाही, त्याला काहीतरी हातावर ठेवले तरी भागते.

दुसरी नोंद होती पुण्याच्या धास्तीची. १७६३ मध्ये जानोजी भोसले निजामाच्या बाजूने होते आणि त्या फौजेने पुणे लुटले, जाळले. त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईत जानोजींनी बाजू बदलली. पुढे माधवराव पेशव्यांनी त्याचे उट्टे काढले, नागपूरचा मुलूख लुटला गेला आणि १७६९ मध्ये कनकापूरचा तह जानोजींवर लादला गेला. जानोजी गेल्यावर मुधोजी आणि साबाजी या भावांत गादीसाठी झगडा झाला. त्यात साबाजींना पुण्याचा आधार होता. २६ जानेवारी १७७५ रोजी उमरेड रस्त्यावरच्या पाचगावला लढाई झाली. मुधोजी कोंडीत सापडले आणि साबाजी आपला हत्ती पुढे घालून त्यांना शरण यायला सांगू लागले. तेव्हा मुधोजींनी भावाला गोळी घातली. पाचगाव आजही नागपूरच्या त्याच दक्षिण अंगाला आहे, ज्या अंगाला मिहान आहे.

अशा माणसाला पुण्याहून निरोप आला की फौज काढा. नाही म्हटले तर पुणे आणि निजाम दोघे अंगावर येणार. वऱ्हाडात तर निजामाचा आणि भोसल्यांचा दुहेरी अंमल होता, एकाच गावाचा वसूल दोघांच्या खात्यांत वाटला जाई. म्हणजे ज्या निजामाच्या मदतीला जायचे, त्याच्याशीच घरच्या उंबऱ्यावर रोजची कुरबुर. मुधोजींनी मधला मार्ग काढला. फौज पाठवली आणि इकडे हेस्टिंग्जला गुपचूप कळवले की पुण्याच्या दडपणामुळे पाठवतो आहे, ती सावकाश चालेल.

हे कळवण्याचा रस्ता आधीच तयार होता. भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित कलकत्त्यात हेस्टिंग्जच्या इतक्या जवळ गेले होते की पुढे १७८१ मध्ये बनारसच्या बंडात हेस्टिंग्ज चुनारला अडकला, तेव्हा त्याच्या हाती एक लाख रुपये ठेवणारे हेच बेनीराम होते. त्या काळी दरबारांचा हा सारा पत्रव्यवहार फारसीत चाले. त्याचे सारांश पुढे सरकारी दफ्तरखान्याने इंग्रजीत छापले. नागपूरच्या भोसल्यांचा पंडित आणि कलकत्त्याचा साहेब फारसीतून बोलत होते, हे सांगितल्यावर आमच्या वर्गात बराच वेळ शांतता होती. भाषेला धर्म चिकटवण्याची सवय आपल्याला नंतर लागली.

हेस्टिंग्जच्या अंदाजात चूक नव्हती असे मात्र नाही. १७७८ मध्ये त्याला वाटले होते की मुधोजींना साताऱ्याच्या गादीचे आमिष दाखवले तर ते पुण्याविरुद्ध उघड उभे राहतील. त्यासाठी पाठवलेला त्याचा दूत अलेक्झांडर एलियट वाटेतच, सारंगडजवळ तापाने वारला. मुधोजीही त्या आमिषाला भुलले नाहीत. शत्रूचा दोस्त मनातून नाराज आहे एवढ्यावरून तो आपल्यासाठी लढेल, असे होत नाही. हे एकदा ठेच लागल्यावर हेस्टिंग्जने ओळखले. दुसऱ्या खेपेला त्याने मुधोजींकडे लढाई मागितली नाही, फक्त न लढणे मागितले.

त्याने आणखी एक गोष्ट ओळखली. चिमणाजींची फौज ओरिसात उपाशी होती, पगार थकले होते. मालकाची इच्छा असो वा नसो, उपाशी फौज लुटीसाठी बंगालमध्ये घुसणारच. म्हणून आधी तीन लाख रुपये गुप्तपणे पोहोचवले गेले. मग १७८१ च्या सुरुवातीला डेव्हिड अँडरसनच्या मार्फत बोलणी होऊन आणखी तेरा लाख आणि दहा लाखांचे कर्ज ठरले. बारा लाख वार्षिक चौथाईच्या मानाने, कर्ज सोडले तर, ही रक्कम दीड वर्षाचीही नव्हती.

त्याच सुमाराला कर्नल पिअर्स बंगालच्या पाच पलटणी घेऊन कटकच्या रस्त्याने मद्रासच्या मदतीला निघाला. ज्या वाटेने भोसल्यांनी बंगालवर जायचे होते, त्याच वाटेने इंग्रजांची कुमक हैदरवर गेली.

बाकीच्या तीन वह्या

हैदराबादची वही सोपी होती. मद्रासवाल्यांनी १७७९ मध्ये निजामाच्या भावाकडून, बसालत जंगकडून, गुंटूरचा मुलूख परस्पर घेतला होता आणि निजामाला द्यायची खंडणीही थकवली होती. निजाम अली खान चिडला होता तो यावर. हेस्टिंग्जने मद्रासचा निर्णय फिरवला आणि गुंटूर परत द्यायला लावले. शिवाय हैदरचे बळ वाढलेले निजामालाही नको होते. दोघे मुसलमान असले तरी दख्खनच्या सुभ्यावर हैदरचा डोळा आहे, हा संशय निजामाला झोपू देत नव्हता. त्याची फौज छावणीतच राहिली.

महादजी शिंद्यांच्या वहीत पैसा नव्हता. तिथे घर होते. शिंदे गुजरातेत गुंतलेले असताना हेस्टिंग्जने त्यांच्या उत्तरेतल्या मुलखावर फौज घातली. ऑगस्ट १७८० मध्ये पॉफमच्या लोकांनी रात्रीच्या अंधारात शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. गुजरातेत फत्तेसिंग गायकवाडांनी त्याआधीच, जानेवारीत, इंग्रजांशी करार केला होता. घर पेटले की माणूस दुसऱ्याच्या अंगणातली लढाई सोडून धावतो. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी वेगळा तह केला आणि पुढे पुण्याशी बोलणी करणारे मध्यस्थही तेच झाले. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह त्यातूनच निघाला. वसई परत मिळाली, साष्टी गेली. हैदरने घेतलेला कर्नाटकाचा मुलूख त्याला सोडायला लावू, असेही पुण्याच्या बाजूने कबूल केले गेले.

चौथी वही हेस्टिंग्जला वाचता आली, पण तिच्यावर इलाज सापडला नाही. १७६९ मध्ये इंग्रजांनी हैदरशी परस्पर मदतीचा तह केला होता. पुढे पेशव्यांची स्वारी आली तेव्हा हैदरने मदत मागितली आणि ती मिळाली नाही. त्यानंतर १७७९ मध्ये त्याच्या संरक्षणाखालचे माहेचे फ्रेंच बंदर इंग्रजांनी त्याला न जुमानता घेतले. ज्याची थकबाकी पैशात होती त्याला पैसे देता आले, ज्याची जमिनीत होती त्याला जमीन. हैदरची थकबाकी विश्वासाची होती, ती फेडायला इंग्रजांकडे काही नव्हते. म्हणून तो अखेरपर्यंत लढला. ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळच्या छावणीत तो वारला आणि टिपूने युद्ध १७८४ पर्यंत चालवले.

वर्गातल्या त्या मुलाच्या हिशेबाने हा संघ दोन-दोन असा फुटायला हवा होता. प्रत्यक्षात नागपूरचे हिंदू राजे आधी थांबले, मग हैदराबादचा मुसलमान निजाम, मग शिंदे, मग पुणे. हेस्टिंग्जने धर्माच्या रेषेवर भरवसा ठेवून बचाव आखला असता तर तो बहुधा बुडाला असता. पुढेही पाहा. १७८६ मध्ये पुणे आणि निजाम मिळून टिपूवर गेले आणि १७९० मध्ये इंग्रजांना सोबत घेऊन गेले. तीच घरे, फक्त बाकांवरच्या जागा बदललेल्या.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. सोव्हिएत रशियाच्या पुढाकाराने १९५५ मध्ये वॉर्सा करार झाला. त्या फौजेचे रणगाडे मोजून पश्चिमेचे सेनापती घाबरत होते. पण त्या कराराच्या फौजा १९६८ मध्ये चालून गेल्या त्या आपल्याच गोटातल्या चेकोस्लोव्हाकियावर. ज्या संघाला आपल्याच सोबत्याला धाकात ठेवावे लागते, त्याची खरी ताकद आकड्यांत कधीच सापडत नाही. १९९१ मध्ये तो करार लढाई न होताच संपला. कनकापूरचा तह आठवणाऱ्या मुधोजींना यात काही नवल वाटले नसते.

किंमत कुणी दिली?

हेस्टिंग्जची हुशारी सांगून इथे थांबलो असतो तर मी वाईट शिक्षक ठरलो असतो. हा सारा पैसा कुठून आला? युद्धाच्या खर्चासाठी बनारसच्या राजा चेतसिंगाकडे १७७८ पासून जादा लाखोंची मागणी होत राहिली, शेवटी १७८१ मध्ये त्याने बंड केले आणि राज्य गमावले. अवधच्या बेगमांच्या खजिन्यावरही हात पडला. १७८८ मध्ये हेस्टिंग्जवर लंडनच्या पार्लमेंटात खटला उभा राहिला तो या प्रकरणांवर. सात वर्षांनी तो सुटला, चेतसिंगाला मात्र राज्य परत मिळाले नाही.

आणि नागपूरला काय मिळाले? मुधोजींना मी गद्दार म्हणत नाही. घराच्या दोन्ही बाजूंना विस्तव असताना त्यांनी आपले घर वाचवले. पण पिअर्सच्या पलटणी कटकमधून गेल्या तेव्हा इंग्रजांना एक गोष्ट नीट कळली. कलकत्ता आणि मद्रास जोडणारा जमिनीवरचा रस्ता भोसल्यांच्या हातात आहे. १८०३ मध्ये दुसरे रघूजी भोसले शिंद्यांसोबत इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा होळकर बाजूला बसून राहिले. असई आणि अडगाव इथे पराभव झाले, ऑक्टोबरात कटक पडले आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने ते कायमचे गेले. १७८० मध्ये भोसले थांबले, १८०३ मध्ये भोसल्यांसाठी दुसरे थांबले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली तेव्हा सोबत कुणीच उरले नव्हते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले.

तिसऱ्या तासाच्या शेवटी मी फळ्यावर पुन्हा तीच चार नावे लिहिली आणि मुलांना सांगितले की प्रत्येकाच्या खाली एकच गोष्ट लिहा, त्याचे काय राहिले होते. नागपूरखाली 'चौथाई' आले, हैदराबादखाली 'गुंटूर'. पुण्याखाली कुणी 'साष्टी' लिहिले, कुणी 'वसई'. हैदरच्या नावाखाली मात्र बराच वेळ कुणी लिहीना. मग मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला, खडू घेतला आणि उर्दूत लिहिले: 'वादा'.

जागेवर परत जाताना तो थांबला. म्हणाला, "सर, मिहानमध्ये जे बनते, ते फक्त विमान आहे ना? वादा तर इथे बनत नाही."

मी म्हटले, "नाही. तो माणसांनाच करावा लागतो, आणि पाळावाही लागतो." तेवढ्यात घंटा झाली.